जीपचा ताप

साताऱ्यात एखाद्या जुन्या वाड्याच्या परसात, किंवा तासगावकडे द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली झाकलेले काही दिसले तर ती पुष्कळदा जीप निघते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हौसेने घेतलेली, धाकट्यांनी दहा वेळा विकायला काढलेली, आणि दर खेपेस 'राहू द्या, एवढा हंगाम जाऊ द्या' म्हणत राहून गेलेली. अशा घरी पाहुणा गेला की चहाबरोबर त्याला जीपची कैफियतही ऐकावी लागते. त्या कैफियतीचा शेवट बहुधा ठरलेला असतो : 'गाडी सोन्यासारखी आहे हो, पण तापते.'

या 'पण तापते'बद्दल या अंकात लिहायचे आहे. या दोन शब्दांपायी कितीतरी धडधाकट जीपा भंगारात गेल्या आहेत, आणि कितीतरी जीपांच्या पोटात परक्या गाड्यांची इंजिने जाऊन बसली आहेत. ताप हे दुखणे नसून दुखण्याची खूण आहे, हे माणसाच्या बाबतीत आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होते. जीपच्या बाबतीत मात्र ताप दिसला की आपण थेट हृदय बदलायला निघतो.

जीपचा जन्मच लढाईतला. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा तयार केल्या. लढाई आटोपल्यावर त्यांतल्या आपल्या देशात उरलेल्या गाड्या लिलावात निघाल्या आणि ज्यांना रस्ता नसलेल्या ठिकाणी जायचे होते अशा लोकांनी त्या उचलल्या. मुंबईत १९४५ साली निघालेली 'महिंद्र आणि महंमद' ही कंपनी १९४८ मध्ये 'महिंद्र आणि महिंद्र' झाली. तिने विलीजच्या जीपांचे सुटे भाग आणून जोडण्याचे काम आरंभले आणि पुढे हळूहळू त्या येथेच घडवल्या. आपले मिस्त्री जिला 'हाय-बॉनेट' म्हणतात ती सीजे-३बी. अमेरिकेत ती १९५३ मध्ये आली आणि १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे तिचा मुक्काम त्यानंतरही कितीतरी वर्षे राहिला. तिचे बॉनेट उंच आहे ते दिमाखासाठी नव्हे. नव्या इंजिनात हवा आत घेणारे वॉल्व्ह डोक्यावर आले, त्यांच्या वर कार्ब्युरेटर बसला, आणि ते सारे जुन्या झाकणाखाली मावेना म्हणून झाकण उचलावे लागले. आमच्या भागात कोयनेचे धरण होत होते त्या काळात ओव्हरसियरची जीप धुरळा उडवीत येताना दिसली की शाळेतली पोरे मास्तरांना न विचारता खिडकीशी गोळा होत.

ही जीप ज्या दोन जिल्ह्यांत हिंडते त्यांचे नातेही सांगायला हवे. सांगली जिल्हा १९४९ मध्ये तयार झाला तो 'दक्षिण सातारा' या नावाने. साताऱ्याचे काही तालुके आणि विलीन झालेली संस्थाने मिळून तो झाला, आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठरले. म्हणजे दोघे एकाच घरचे. पण स्वभाव पाहाल तर एक डोंगराचा आणि एक मैदानाचा. सातारकराला घरून निघाले की यवतेश्वर, पसरणी, नाहीतर खंबाटकी, असा कोणता ना कोणता घाट चढावाच लागतो. सांगलीकराला मिरजेहून जतकडे जाताना तासन् तास सपाट रस्ता आणि एप्रिलात चाळिशी गाठणारे ऊन.

आमच्या परिचयातल्या एका कुटुंबात हीच वाटणी झाली आहे. थोरले बंधू साताऱ्यात, धाकटे सांगलीत. वडिलांनी मातीकामाच्या कंत्राटासाठी घेतलेली हाय-बॉनेट पेट्रोल जीप दोघांची सामाईक. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. वडील गेले तेव्हा जमिनीचे वाटप एका बैठकीत झाले, पण जीपचे वाटप काही केल्या होईना. मातुश्री चौऱ्याऐंशीच्या. त्यांचे म्हणणे एकच : वर्षातून एकदा सज्जनगडाच्या पायथ्याशी न्या, पायऱ्यांपाशी उभी राहून हात जोडीन, पण 'ह्यांच्या' गाडीतून न्या.

आणि गाडी तर तापते.

थोरल्यांचा अनुभव असा की, सपाटीला ती शहाण्यासारखी चालते, पण यवतेश्वराच्या घाटात दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला काटा लाल रेघेकडे सरकतो आणि कासच्या रस्त्याला लागेपर्यंत बॉनेटखालून वाफ येते. धाकट्यांचा अनुभव नेमका उलटा. गावात, बाजारात, बांधाबांधाने कितीही हिंडवा, कुरकुर नाही. पण पेठनाक्याहून सांगलीकडे जरा वेगाने निघाले की अर्ध्या तासात पाणी उकळलेच. साहजिकच प्रत्येकाची खात्री की, दुसऱ्याच्या ताब्यात असताना गाडी बिघडली. दिवाळीत दोन्ही घरे एकत्र जमली की फराळाच्या ताटावर हा वाद उघडे, आणि वहिनी चकलीचा डबा घेऊन आत निघून जात.

शेवटी एका गॅरेजमालकाने उपाय सुचवला : हे जुने पेट्रोल इंजिन काढून टाका, मी डिझेल इंजिन बसवून देतो, तापणे बंद, खर्चही कमी. आकडा चांगलाच भारी होता. दोघे भाऊ पुष्कळ वर्षांनी एका गोष्टीवर एकमत होऊन विसार द्यायला निघाले होते. इसार देण्याआधी जीप मिरजेच्या एका वृद्ध मिस्त्रींना दाखवावी, एवढा आग्रह मातुश्रींनी धरला, कारण तेच वडिलांच्या वेळी तिची देखभाल करीत.

या भागातल्या मिस्त्री लोकांबद्दल चार शब्द सांगतो, विषय सोडून नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्याला धनजीशा कूपर यांनी नांगर आणि पुढे तेलाची इंजिने काढली. हे कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते. कारखानदार मुख्य प्रधान व्हायचा तो हा एक नमुना. त्यामुळे कृष्णाकाठच्या गावोगावी विहिरीवर इंजिन आले आणि ते चालवणारा एक तरी माणूस तयार झाला. त्या इंजिनाला पाणी सोडायचे राहिले तर काय होते, हे शेतकऱ्याच्या पोराला शाळेत जाण्यापूर्वी कळे. इंजिन म्हणजे आग, आणि आगीभोवती पाणी फिरते राहिले पाहिजे, ही समज त्या पिढीच्या हाडीमासी होती.

मिरजेच्या मिस्त्रींनी दोघांचे सगळे ऐकून घेतले, थंड रेडिएटरची टोपी काढून आत बोट घातले, बोटाला लागलेला तांबूस गाळ धाकट्यांना दाखवला आणि म्हणाले, 'अण्णा, इंजान न्हाई तापत. पानी फिरायचं बंद झालंय. आन् थोरल्यांचं बी खरं हाय. दोन दुखनी हाईत. डोंगरात एक दिसतंय, माळावर दुसरं.'

सगळ्या प्रकरणाचे मर्म या वाक्यात होते. पेट्रोलच्या जाळातून जी उष्णता निघते तिचा साधारण एक-तृतीयांश भाग चाके फिरवायच्या कामी येतो, एक-तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि उरलेला तिसरा हिस्सा पाण्याला वाहून न्यावा लागतो. जीपच्या पोटात हे पाणी जेमतेम साडेदहा लिटर. ते इंजिनात तापते, वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने पुन्हा पंपाकडे जाते. म्हणजे दोन गोष्टी हव्यात : पाणी फिरायला हवे आणि वारा लागायला हवा.

आता गाडी घाटात दहा-पंधराच्या वेगाने चढते तेव्हा समोरचा वारा जवळजवळ नसतो. सारी भिस्त पंख्यावर. उलट सपाट रस्त्यावर सत्तर-ऐंशीने जाताना वारा फुकटात मिळतो, पण इंजिन जोरात राबत असते. या जुन्या जीपचे गिअर असे आहेत की, ताशी ८० किलोमीटरला इंजिनाचे मिनिटाला तीन हजारांवर फेरे होतात. तेव्हा उष्णता भराभरा तयार होते आणि तितक्याच भराभरा पाणी फिरावे लागते. म्हणून जी गाडी चढावर किंवा उभ्या उभ्या तापते तिचा पंखा, पट्टा, वाऱ्याची वाट आणि टायमिंग पाहावे. जी वेगात तापते तिचे रेडिएटर, नळ्या आणि पंप पाहावेत. आणि सकाळी थंडगार इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले तर हेडचे गॅस्केट फुटून सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे असा संशय धरावा. एवढे जरी घरच्या माणसाने नीट सांगितले तरी मिस्त्रीचा अर्धा दिवस आणि आपले अर्धे पैसे वाचतात.

सांगलीकडचे दुखणे आधी निघाले. रेडिएटर खाली उतरवून पाहिले तर निम्म्याहून अधिक नळ्या चोंदलेल्या. कारण जगजाहीर होते. वर्षानुवर्षे गाडीत बोअरचे पाणी भरलेले. आपल्या काळ्या कातळातून येणारे पाणी जड. चहाच्या पातेल्याला आणि बंबाला ज्या पाण्याचा पांढरा थर बसतो, तोच थर इंजिनाच्या पोटात आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. बंबाचा थर गृहिणी आठवण ठेवून काढतात. जीपचा थर कोण काढणार? भर म्हणून २०१९ च्या कृष्णेच्या पुरात ही गाडी दोन दिवस बॉनेटपर्यंत पाण्यात होती. पूर ओसरल्यावर इंजिनातले तेल बदलले, बॅटरी बदलली, पण पाण्याच्या वाटेत पोयटा शिरला असेल हे कुणाच्या मनातही आले नाही.

इंजिनाच्या ब्लॉकला बाजूला खाली एक छोटी तोटी असते. पाणी काढून टाकण्यासाठी ती दिलेली आहे, पण जीप बाळगणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी ती आयुष्यात उघडलेली नसते. मिस्त्रींनी ती उघडली. एक थेंब आला नाही. तारेने टोकरल्यावर काळा चिखल लोंबू लागला आणि मग भळकन पाणी आले. पाणी स्वच्छ निघेपर्यंत ब्लॉक धुवायला दुपार गेली. रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाक्या डाख सोडवून मोकळ्या केल्या, एकेका नळीतून सळई घातली, आणि पुन्हा डाख दिला. जुना पितळ-तांब्याचा रेडिएटर असा उघडता-मिटता येतो ही त्याची मोठी थोरवी. खालची रबरी नळीही बदलली. ती बाहेरून तुकतुकीत होती, पण आतून मऊ पडलेली. इंजिन जोरात फिरू लागले की पंपाच्या ओढीने ती चपटी होई आणि पाण्याची वाटच बंद होई. गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत ती पुन्हा गोल. चोर पकडायला जावे आणि त्याने साळसूदपणे माळ जपत बसावे, तसला प्रकार.

साताऱ्याचे दुखणे मजेदार निघाले. केव्हातरी पंप बदलताना कुणीतरी पंखा उलटा बसवला होता. पाठ पुढे, पोट मागे. अशाने पंखा वारा उलट दिशेला फेकतो असे नाही. तो ओढतो त्याच बाजूने, पण पात्यांची वळणे विरुद्ध पडल्यामुळे फार थोडा. सपाटीला हे कळत नाही, घाटात कळते. शिवाय पट्टा ढिला, आणि इग्निशनचे टायमिंग मागे पडलेले. ठिणगी उशिरा पडली की जाळ कामाला न येता भिंती तापवीत बसतो. आणि सर्वांवर कडी म्हणजे समोरच्या जाळीवर लावलेले दोन टोलेजंग दिवे, एक भोंगा आणि मंडळाच्या नावाचा फलक. जीपच्या तोंडावर ज्या उभ्या फटी आहेत (लष्करी जीपला नऊ, नंतरच्यांना सात) त्या शोभेच्या नाहीत, नाकपुड्या आहेत. त्या झाकून आपण गाडीला घाट चढायला सांगतो. रेडिएटरच्या पंखांत उसाचे पाचट, मळणीचा भुसा आणि गवताचे कुसळही भरलेले होते. ते इंजिनाच्या बाजूने पुढे असे हलक्या धारेने धुवावे; पुढून जोराची धार मारली तर कचरा आणखी आत बसतो आणि पंख वाकतात.

ही सारी दुरुस्ती मिळून त्या डिझेल इंजिनाच्या इसाराइतकीही झाली नाही.

गाडीत सुधारणा करूच नयेत असे माझे मत नाही. पंख्याभोवती पत्र्याचे कडे नसेल तर बसवावे. त्याने पंखा रेडिएटरच्या कोपऱ्या-कोपऱ्यातून वारा ओढतो. पाण्याच्या उष्णतेचा खरा आकडा दाखवणारा काटा बसवावा. सांडलेले पाणी परत घेणारी बाटली बसवावी, कारण पुष्कळ लोक टाकी काठोकाठ भरतात, तापल्यावर पाणी फुगून थोडे बाहेर येते, आणि मालक समजतो गाडी उकळली. पुन्हा भरतो, पुन्हा सांडते. वर बोटाच्या दोन पेरांएवढी जागा सोडली की हा खेळ थांबतो. पण विजेचा पंखा बसवायला निघालात तर जुन्या जीपचा डायनामो त्याला पुरत नाही. डायनामोच्या जागी अल्टरनेटर हवा, मग वायरिंग नवे, मग बॅटरी मोठी. साधूने लंगोटी उंदरांपासून राखायला मांजर पाळले आणि मांजराच्या दुधासाठी गाय घेतली, त्यातली गत. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडे जी रीत आहे तीही सोडावी. थर्मोस्टॅट बिघडून मिटलेला राहिला तर गाडी तापते हे खरे, पण म्हणून नवा न बसवता जागा रिकामी ठेवली तर हिवाळ्यात महाबळेश्वरी इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल अधिक खाते आणि तेल लवकर घाण होते.

महाबळेश्वरावरून आठवले. तिथली उंची १,३७० मीटरच्या घरात. एवढ्या उंचीवर पाणी शंभराला नव्हे, पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळते. म्हणून टोपी महत्त्वाची. रेडिएटरची टोपी म्हणजे नुसते झाकण नव्हे, ती आत दाब धरून ठेवते, प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखी. सात पौंडांच्या टोपीने उकळण्याचा बिंदू दहा-अकरा अंश वर जातो. टोपीचे रबर चिरले असेल तर पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना बाकी सारे ठाकठीक असूनही वाफ येईल. उलट आधुनिक मोटारीची जास्त दाबाची टोपी आणून बसवलीत तर जुना डाख उसवेल. आणि प्रेशर कुकरचे झाकण वाफ असताना कोणी उघडत नाही, मग रेडिएटरचे का उघडावे? घाटात गाडी थांबवून फडक्याने टोपी फिरवताना तोंडा-हातावर उकळते पाणी उडून भाजलेली माणसे आहेत. गाडी तापली तर बाजूला घ्यावी, इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटे किंचित जोरात चालू ठेवावे म्हणजे पंखा आणि पंप काम करतात. पाणीच संपले असेल तर मात्र तत्काळ बंद करावे. मग बॉनेट उघडून अर्धा तास सावलीत बसावे. डबा आणला असेल तर खावा. गार पाणी रिकाम्या तापलेल्या इंजिनात ओतले तर हेडला तडा जातो, आणि मग ते डिझेलवाले गॅरेज आहेच.

चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन कुंथवत नेण्यापेक्षा वेळीच खालचा गिअर टाकावा. पंखा आणि पंप दोन्ही इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतात. इंजिन मोकळे फिरले की तेही मोकळे फिरतात. पेट्रोल चमचाभर अधिक जाईल.

पेट्रोलचे नाव निघाले तर आजकालची एक नवी भानगड सांगणे भाग आहे. २०२५ सालापासून देशभर जे पेट्रोल मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल असते. यातले काही इथेनॉल उसापासून होते, म्हणजे कृष्णा-वारणेच्या काठचाच ऊस फिरून आपल्या जीपच्या टाकीत येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलेच. पण साठ वर्षांपूर्वीच्या कार्ब्युरेटरला हे कोणी कळवलेले नाही. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो आणि ताकद कमी असते, त्यामुळे जुन्या जेटमधून येणारे मिश्रण इंजिनाला हलके पडते, आणि हलके मिश्रण आधीच तापट असलेल्या इंजिनाला आणखी तापवते. नव्या गाड्यांतले यंत्र आपले आपण मिश्रण सुधारून घेते. जीपला मिस्त्रीच्या हातून किंचित मोठा जेट घालून घ्यावा लागतो. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोलपंपाचा पडदा या इथेनॉलने फुगतो किंवा चिरतो. तेव्हा इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवून घ्याव्यात, कारण तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे सरळ आगीला आमंत्रण.

आणि एक दुखणे तापासारखे दिसते पण ताप नसते. खंबाटकीच्या चढावर दुपारी जीप आचके देत बंद पडते, काटा मात्र जागेवर. अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते. इथे पाणी उकळलेले नसून पेट्रोल उकळलेले असते. नळीत पेट्रोलची वाफ होऊन वाट अडते. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकीत ते याचसाठी. नळी सायलेन्सरच्या वाटेपासून चार बोटे दूर घेऊन वर आच्छादन घातले तर फडक्याची गरज सहसा पडत नाही. याही दुखण्यावर रेडिएटर बदललेली घरे मला ठाऊक आहेत.

राहिला त्या डिझेल इंजिनाचा प्रश्न. बंधुद्वयाने विचारच केला नव्हता अशी एक बाजू त्याला होती : कागदाची. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की, नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच निःसंदिग्धपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. जिच्या नोंदणीपुस्तकात एक इंजिन आणि पोटात दुसरे, अशी जीप अपघातात सापडली तर विमा कंपनी काय म्हणेल हे सांगायला ज्योतिषी नको. 'सगळेच करतात' हे गॅरेजमालकाचे उत्तर तपासनाक्यावर उपयोगी पडत नाही.

शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली. तिला 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते आणि नोंदणी दहा वर्षे चालते. पण अट अशी की, चेसी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. डिझेल इंजिन बसले की हे दार कायमचे बंद. अर्थात या दारातून आत गेलेल्या गाडीलाही रोजच्या वापराला मुभा नाही. प्रदर्शन, मेळावा, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. धाकट्यांना ती पाटी फार आवडली होती. थोरल्यांनी विचारले, 'आणि आईला गडाखाली नेणे यांतल्या कुठल्या सदरात बसते?' तेव्हा तो बेत तिथेच राहिला, आणि पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची जी दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवतात, तोच सरळ मार्ग दोघांनी धरला.

तपासणीला जीप सांगलीहून साताऱ्याला धाकट्यांनीच नेली. सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेरचा रस्ता, मे महिना, वेग साठ. काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. पाणी आता बोअरचे नाही, बॅटरीला घालतात तसले शुद्ध, आणि त्यात गंज धरू नये म्हणून रेडिएटरचे औषध. पुढचे दोन दिवे आणि मंडळाचा फलक उतरले आहेत. भोंगा ठेवण्याबद्दल नातवाने रडून जामीन मिळवला, पण तो आता फटींच्या समोर नसून बाजूला आहे. सज्जनगडाच्या वाटेला चढ सुरू झाला तशी मातुश्रींनी पुढच्या सीटवरून काट्याकडे पाहत विचारले की, ही सुई कुठवर गेली म्हणजे थांबायचे. थोरल्यांनी जागा दाखवली. त्या पायऱ्यांपर्यंत तिच्यावर नजर ठेवून होत्या.